गाळाची बखर



इंग्लंडच्या सरकारी सर्वेक्षणाच्या नकाशांवर, विशेषतः सफक आणि एसेक्स या पूर्वेकडच्या परगण्यांत, शेतांच्या मधोमध जुन्या वळणाच्या अक्षरांत छापलेला एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो: ‘मोट’. आपल्या विहिरीवरच्या मोटेशी त्याचे नाते नाही, पाण्याशी मात्र आहे. मोट म्हणजे खंदक. नकाशा हातात घेऊन त्या जागी पोचलेल्या माणसाची बहुधा निराशा होते. तिथे ना बुरूज असतो ना तट. असते एक चौकोनी चर, कुठे पाण्याने भरलेली, कुठे नुसती ओलसर, कुठे झुडपांनी भरून गेलेली. चरीच्या आत एकराच्या आतबाहेरचा सपाट तुकडा, त्यावर गवत आणि बहुधा चरणारी गुरे. इंग्लंडमध्ये अशा सुमारे 6,000 जागांची नोंद आहे आणि त्यांतल्या बऱ्याच जागांना राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाचे संरक्षण आहे. गवताच्या तुकड्याला आणि पाण्याच्या चरीला एखादा देश स्मारक का म्हणतो, आणि तसे म्हटल्यावर ते खरोखर राखले जाते का, हा आजचा विषय आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. या जागांचा खरा ठेवा त्यांच्या गाळात आणि ओलीत आहे. वारसा राखणारे कायदे भिंतीकडे पाहत वाढले, म्हणून त्यांना ओल राखणे अजून नीट साधलेले नाही.

आधी या जागा काय आहेत ते पाहू. मी त्यांना ‘खंदकवाडे’ म्हणेन, कारण तिथे सैन्य नव्हे, संसार नांदत होता. यांतले बहुसंख्य 1250 ते 1350 या शंभर वर्षांत खणले गेले. त्यांची सर्वाधिक दाटी मध्य आणि पूर्व इंग्लंडच्या चिकणमातीच्या प्रदेशात आहे, आणि त्याचे कारण साधे आहे: चिकणमाती पाणी धरून ठेवते. मालक होते गावाचे जमीनदार, म्हणजे मॅनरचे धनी; काही ठिकाणी मठ आणि धर्मगुरू; आणि वॉरिकशरच्या आर्डनसारख्या भागात रान तोडून नवी शेती करणारे स्वतंत्र शेतकरीसुद्धा. खंदक खणला की निघालेली माती आतल्या जागेवर पसरायची, त्यामुळे घराचे जोते उंच आणि कोरडे होई. भोवतीच्या पाण्यात मासे पाळता येत, गुरे परसात शिरत नसत आणि गवताने शाकारलेल्या छपराला आग लागली तर पाणी दारातच असे. शब्दाचा इतिहासही सूचक आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मोट’ म्हणजे मातीचा उंचवटा. इंग्रजीत येता येता तो शब्द उंचवट्यावरून घसरून खालच्या चरीला चिकटला. उभ्या वस्तूवरून खोलगट वस्तूकडे येण्याचा हा प्रवास भाषेने मध्ययुगातच केला. कायद्याला मात्र त्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले.

हे खंदक चोरांच्या भयाने खणले की शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान वाढावा म्हणून, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. सध्याचा बहुमताचा कल प्रतिष्ठेकडे आहे. घराला तटबंदीची दंतुर भिंत घालायची तर राजाकडून परवाना घेण्याची रीत होती. खंदकाला तसा परवाना लागत नसे. हाताशी मजूर आणि पायाखाली चिकणमाती असली की सरदाराच्या थाटाची नक्कल मध्यम ऐपतीच्या माणसालाही करता येई. ससेक्समधल्या बोडियमच्या वाड्याचे उदाहरण नेहमी दिले जाते. फ्रेंच हल्ल्यांच्या भीतीचे कारण दाखवून सर एडवर्ड डॅलिनग्रिज यांनी 1385 मध्ये तिथला परवाना मिळवला. पण तिथले विस्तीर्ण पाणी ज्या बांधाने अडवले आहे तो शत्रूला फोडता येण्यासारखा आहे, आणि पाण्यात पडणारे वाड्याचे प्रतिबिंब येणाऱ्या पाहुण्याला दिपवण्यासाठीच योजल्यासारखे आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या अभ्यासकांनी दाखवून दिले. याच्या उलट इतिहासकार कॉलिन प्लॅट यांनी 2010 मध्ये छोट्या खंदकवाड्यांपुरता सुरक्षेचा पक्ष पुन्हा मांडला. हे खंदक ज्या शंभर वर्षांत खणले गेले ती खेड्यापाड्यांतल्या दरोड्यांची आणि मारामाऱ्यांचीही होती. 1285 च्या विंचेस्टरच्या कायद्याने तर बाजारपेठांना जोडणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंची 200 फुटांपर्यंतची झुडपे तोडायला सांगितली, कारण त्यांत लुटारू दबा धरून बसत.

मला हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी वाटत नाहीत. आपल्या वाड्यांचा दिंडीदरवाजा चोराला अडवतो आणि पाहुण्याला धन्याची ऐपतही सांगतो. या दोन कामांसाठी कोणी दोन दरवाजे बसवले नाहीत. मात्र कोणत्या भागात, कोणत्या पिढीत, कोणत्या थरातल्या माणसाच्या मनात भय अधिक होते आणि कुठे हौस अधिक, हे ठरवायचे तर बोडियमसारखी मूठभर देखणी उदाहरणे पुरत नाहीत. त्यासाठी शेकडो सामान्य खंदकांचे काळ, खोली, पूल, दुरुस्त्या आणि ते कधी बुजले याचे पुरावे लागतात. कागदपत्रे इथे फार थोडी मदत करतात, कारण ज्याला परवाना लागत नाही त्याचे दप्तरही राहत नाही. म्हणजे हा वाद पुढे न्यायचा तर साक्ष मातीचीच काढावी लागते, आणि ती माती म्हणजे खंदकाच्या तळाचा गाळ.

गाळ हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. ‘गाळीव’ म्हणजे शुद्ध, आणि ‘गाळ’ म्हणजे जे टाकायचे ते. पुरातत्त्वाच्या दृष्टीने खंदकाचा गाळ ही बखर आहे; तिची पाने खालून वर लावलेली आहेत, इतकेच. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे लाकूड, चामडे, बिया, किड्यांची कवचे आणि फुलांचे परागकण शतकानुशतके न कुजता राहतात. खणल्यावर काही वर्षांत तळाशी पहिला थर बसतो, त्यावर वापरातल्या काळाचे थर, आणि सर्वांत वर घर ओसाड पडल्यानंतरचे. परागकणांवरून भोवती रान होते की गव्हाची शेते हे कळते. टाकलेल्या हाडांवरून आणि बियांवरून पंगतीत काय वाढले जात होते ते कळते. पुलाच्या तळाशी आडवे टाकलेले ओकचे वासे सापडले तर झाड कोणत्या सुमारास तोडले हे त्यांच्या वलयांवरून सांगता येते, कधी कधी थेट सालासकट. बेटावरचे घर लाकडाचे आणि चिखलमातीचे होते, त्यामुळे जमिनीवर त्याचे काही उरलेले नाही. पण खंदकाच्या मातीने उंचावलेल्या जोत्याखाली त्याआधीच्या वस्तीचा पृष्ठभाग झाकून राहिलेला असतो. एसेक्समधल्या रिटल इथे जॉन राजाच्या शिकारी वाड्याचे उत्खनन फिलिप राह्ट्झ यांनी 1955 ते 1957 या वर्षांत केले. जमिनीवर जिथे दाखवण्यासारखे फारसे काही नव्हते, तिथे तेराव्या शतकाच्या आरंभापासूनच्या इमारतींची परंपरा हाती लागली. ती बखर ओल टिकेपर्यंतच वाचता येते. चर कोरडी पडली की वर दिसायला काहीच बदलत नाही. आत लाकूड भुसभुशीत होते, परागकण नष्ट होतात. भिंत पडली तर आवाज होतो. गाळ मरतो तो गुपचूप.

आता कायद्याकडे वळू. ब्रिटनचा पहिला प्राचीन स्मारक कायदा 1882 चा. खासदार जॉन लबक यांनी त्यासाठी सुमारे दशकभर खटपट केली. खाजगी मालमत्तेला हात लावण्याची कल्पनाच तेव्हाच्या संसदेला झोंबत होती, म्हणून कायद्याच्या यादीत मोजकी स्मारके आली आणि तीही बहुतेक प्रागैतिहासिक, म्हणजे ज्यांत कोणी राहत नाही अशी. कायद्याला खरे दात आले ते 1913 मध्ये, आणि ती कथा आपल्या देशातून जाते. भारताचे व्हाइसरॉय असताना लॉर्ड कर्झन यांनी 1904 चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा केला. मायदेशी परतल्यावर, 1911 मध्ये, लिंकनशरमधला टॅटरशॉलचा वाडा मोडीत निघाल्याचे त्यांना समजले. पंधराव्या शतकात इंग्लंडचे खजिनदार असलेल्या राल्फ क्रॉमवेल यांनी बांधलेला तो विटांचा उंच मनोरा, भोवती दुहेरी खंदक. आतल्या कोरीव दगडी शेकोट्या काढून विकल्याही होत्या. कर्झन यांनी वाडा विकत घेतला, शेकोट्या शोधून परत आणून बसवल्या आणि नव्या कायद्याचा उमराव सभेत जोराने पाठपुरावा केला. पुढे बोडियमही त्यांनी घेतले आणि 1925 मध्ये मृत्युपत्राने दोन्ही जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिल्या. भारतात जमलेल्या अनुभवाचा इंग्लंडच्या कायद्याला हातभार लागला, असे म्हणायला यामुळे आधार आहे.

याच कथेची दुसरी बाजू माझ्या मुद्द्याला अधिक जवळची आहे. टॅटरशॉलचे बुजलेले खंदक कर्झन यांनी पुन्हा खणवून घेतले आणि त्यांत पाणी सोडले. बोडियमच्या खंदकाचे पाणी उपसून तो साफ करवला. त्यांच्या तळमळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्या पिढीच्या नजरेला खंदक म्हणजे इमारतीभोवतीची पाण्याची किनार दिसत होती आणि त्यातला गाळ म्हणजे घाण. इमारत वाचवण्याच्या भरात त्या घाणीबरोबर काय गेले याचा हिशेब आज मांडता येत नाही. खुद्द 1904 च्या भारतीय कायद्याची व्याख्याही हीच नजर दाखवते: बांधकाम, थडगे, गुहा, कोरीव दगड, शिलालेख, एकसंध स्तंभ. जे उभे आहे किंवा कोरलेले आहे ते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये मातीकामांचे वर्ग पाडले, तेव्हा घरगुती खंदकांना ‘एफ’ हा स्वतंत्र वर्ग मिळाला खरा, पण नोंद होणे वेगळे आणि राखण होणे वेगळे. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्राने चर बुजवून शेत सलग करणे एका दिवसाचे काम झाले. स्मारकाच्या मालकाने सरकारला आगाऊ नोटीस द्यायची, आणि मुदत संपली की बहुधा तो मोकळा, अशी तेव्हाच्या कायद्याची तऱ्हा होती. पूर्वपरवानगीशिवाय काम करता येणार नाही, हा नियम आला तो 1979 च्या कायद्याने.

त्या कायद्यातही एक फट राहिली, आणि खंदकवाडा नेमका तिच्यात सापडतो. ज्या इमारतीत माणसे राहतात तिला अनुसूचित स्मारक ठरवता येत नाही. तिच्यासाठी सूचीबद्ध इमारतींची वेगळी व्यवस्था आहे. म्हणून बेटावर घर नांदते असेल तर खंदक एका कायद्याखाली, घर दुसऱ्या कायद्याखाली, आणि स्मारकाच्या नोंदीत वाक्य येते की इमारती, कुंपणे आणि फरसबंदी वगळली आहे, त्यांच्याखालची जमीन मात्र समाविष्ट आहे. कागदावर हे विचित्र दिसते. मला ते कायद्याने नकळत उच्चारलेले सत्य वाटते, कारण खंदकवाड्यात खरोखरच खालची जमीन हेच स्मारक आहे. अडचण आहे ती सीमेची. अनेक नोंदींत स्मारकाच्या कडेला फक्त दोन मीटरची पट्टी आधारासाठी घेतलेली असते. शेजारच्या शेतात पाणी निचऱ्याचे नळ खोल टाकले की भूजल उतरते आणि रेषेच्या आत कोणी कुदळही न मारता खंदक वाळतो. पाण्याला सातबारा समजत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप संख्येचा. सहा हजार जागा एकाच नमुन्याच्या असतील तर चांगल्या शंभर निवडून बाकीच्या सोडून का देऊ नयेत? हा आक्षेप कलावस्तूच्या तर्काने येतो. चित्रांच्या संग्रहात उत्तमाची निवड रास्त असते. खंदकवाड्यांचे मोल त्यांच्या वाटणीत आहे: चिकणमातीवर किती, रानाच्या कडेला किती, चर्चच्या शेजारी किती, एका गावात एक की चार. देखणे शंभर निवडले तर श्रीमंतांचेच शंभर उरतील, आणि रान तोडून चार पैसे गाठीला बांधलेल्या शेतकऱ्याचा खंदक, जो या वादात सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार आहे, तोच पुसला जाईल. सगळे राखा असे याचा अर्थ होत नाही. इंग्लिश हेरिटेज या सरकारी वारसा संस्थेने 1986 मध्ये स्मारक संरक्षणाचा जो फेरआढावा सुरू केला, त्यात वापरलेले सरकारी निकष दुर्मिळता, टिकाव, नाजूकपणा, वैविध्य, समूहातले स्थान, कागदपत्रांची साथ आणि भविष्यात मिळू शकणारे ज्ञान असे होते. यांत सौंदर्य कुठेच नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. निवड करावीच लागेल, पण ती पुराव्याच्या अंगाने व्हावी.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो अधिक वजनदार आहे. पूर्वजांच्या चरीसाठी आजच्या माणसाने जमीन का अडकवावी? त्याच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे की इतिहासाचा लाभ सर्वांचा आणि बोजा एकाचा, ही वाटणी अन्यायाची आहे. पण बोजा किती, हेही पाहावे. केंटमधले इटम मोट हे चौदाव्या शतकातले खंदकवेढे घर 1985 मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आले. त्याच्या जतनाचे काम 1989 ते 2004 चालले आणि खर्च एक कोटी पौंडांवर गेला. रिकाम्या खंदकवाड्याला यातले काही लागत नाही. नांगर बेटावर न नेणे, गवत राखणे, मोठी झाडे मुळे धरू न देणे आणि ओल टिकवणे, एवढेच त्याचे जतन. 1979 च्या कायद्यात मालकाशी देखभालीचा करार करून मोबदला देण्याची सोय आहे आणि शेती-पर्यावरण योजनांतूनही असे पैसे दिले गेले. माझी तक्रार वेगळीच आहे. आधीपासून नांगरट होत असलेल्या स्मारकावर ती चालू ठेवायला सरसकट संमती देण्याची तरतूद आहे. जो खंदक आधीच जखमी आहे, त्याला रोज थोडे थोडे घायाळ करण्याची मुभा त्या तरतुदीतून मिळते. शेतकऱ्याला दंडाचा धाक घालण्यापेक्षा ही मुभा मोबदला देऊन विकत घेणे अधिक न्यायाचे होईल.

तिसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा. जुने खंदक हे बेडूक, चतुर आणि तुरेवाला मोठा न्यूट या संरक्षित उभयचराचे आसरे आहेत. गाळ साचून खंदक उथळ झाला तर तो उपसला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. इथे दोन वारसे समोरासमोर येतात. वाट आहे, पण ती सावकाशीची आहे: आधी गाळात नळी घालून थरांचा नमुना घ्यायचा, वरचा अलीकडचा थर तेवढा काढायचा, तळाला हात लावायचा नाही, आणि संपूर्ण खंदक एकदम न उपसता एखादीच बाजू घ्यायची. ‘मग एकदाचे उत्खनन करून नोंद ठेवा आणि जागा मोकळी करा’ असेही कोणी म्हणेल. रिटलचे काम उत्तम झाले, तरी त्या वेळी वृक्षवलयांवरून काळ ठरवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये रुजलेली नव्हती, आणि गाळातून प्राचीन जनुकीय अंश वेगळे काढण्याची कल्पनाही कोणाला नव्हती. उत्खनन म्हणजे बखरीचे पान वाचता वाचता जाळणे. ते आवश्यक तेव्हा करावे, सोय म्हणून करू नये.

हा सगळा इंग्लंडचा प्रपंच आपल्या व्यासपीठावर कशासाठी, याचे उत्तर कर्झन यांच्या कायद्यात आहे. 1904 च्या त्याच मुळावर आपला 1958 चा केंद्रीय कायदा आणि 1960 चा महाराष्ट्राचा कायदा उभा आहे. 2010 च्या दुरुस्तीने केंद्रसंरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढचे 200 मीटर नियंत्रण थेट कायद्यात आले. इंग्लंडच्या दोन मीटरांपुढे हे फार मोठे दिसते. पण तो नियम बांधकामाला रोखतो. पाण्याला आणि मातीला तो विचारत नाही. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, याचा अभिमान योग्यच आहे. मात्र आपल्याकडचा खंदकवाड्याचा खरा भाऊबंद डोंगरी किल्ला नव्हे. देशमुख-इनामदारांच्या गढ्या, पांढरीची टेकाडे, भुईकोटांचे बुजत चाललेले खंदक, हे त्याचे गोतावळ्यातले. गावाची ‘काळी’ म्हणजे शेती आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्ती. पिढ्यान्पिढ्यांच्या राखेने आणि पडक्या भिंतींनी झालेली ती पांढरी माती घरांच्या धाब्यासाठी आणि शेतासाठी खणून नेली जाते, तेव्हा गढीचा बुरूज उभा असतो आणि इतिहास टोपलीतून चाललेला असतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही 2017 ची योजना धरणांसाठी उपयोगाची आहे. तोच उत्साह जुन्या तळ्यांकडे आणि खंदकांकडे वळला, तर आधी नमुना घ्या आणि मग फावडे घाला, एवढे सांगणारा कोणीतरी तिथे हवा. त्याला मोठा निधी लागत नाही. गाळ उपसण्याच्या परवानगीच्या अर्जात एक रकाना लागतो.

आजच्यासारखे स्मृतिव्याख्यान हा आठवण जपण्याचा उपक्रम असतो, आणि आठवणीचा आपला नेहमीचा आकार पुतळ्याचा असतो: उभा, नाव कोरलेला, दुरून दिसणारा. इंग्लंडच्या त्या सहा हजार चरींतल्या बहुसंख्य धन्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी काय पेरले, काय खाल्ले आणि पुलासाठी ओक कोणत्या वर्षी तोडला, हे मात्र अजून कळू शकते, आणि तेही चरीत पाणी उभे राहते तोवरच. राखण करायची आहे ती त्या पाण्याची.